पेवावरचं तुळशीपत्र

सोनाळ्याहून सातपुड्याकडं तोंड करून निघालं की दोन कोसांवर धामणखेड लागायचं. या गावात रुखमाबाईचं नाव काढलं की निम्मे लोक हात जोडायचे आणि निम्मे कपाळाला आठ्या घालायचे. बाईच तशी होती. काळीभोर कपाशीची जमीन, दावणीला चार बैलजोड्या, घरात मोठं माणूस म्हणून एकटी, आणि जीभ अशी की पाटीलसुद्धा तिच्या ओट्यापुढून जाताना मान खाली घालायचा. नवरा उत्तमराव तरणाताठाच गेला होता. मागं एक पोरगं ठेवून गेला, निवृत्ती.

गावात बोर्डाची शाळा होती, पण ती चौथीपर्यंत. पुढं शिकायचं तर खामगाव गाठा. पोरगं हुशार निघालं, लोक म्हणाले धाडा, बाईनं धाडलं. एवढंसं लेकरू, परक्याच्या ओसरीवर पथारी टाकून राहायचं. तिनं स्वतः गाडीतून नेऊन पोचवलं आणि परत निघाल्यावर गाडी वळणाआड होईस्तोवर मागं वळून वळून पाहिलं. आई आहे, पाहणारच की! पण त्याच हिवाळ्यात खामगावात प्लेग शिरला. निरोप येईस्तोवर पोराची राख झाली होती. आणि गावाची जीभ पाहा. सांत्वनाला आलेल्या बायाच एकमेकींच्या कानाशी लागल्या, "निंगतानी मागं पाह्यलं म्हन्ते तिनं. काऊन पाह्याव बाप्पा असं?" रुखमाबाईच्या कानावर ते गेलं, आणि काट्यासारखं काळजात मोडून बसलं.

पण रडत बसली असती तर ती रुखमाबाई कसली! वर्षश्राद्ध उरकलं त्या दिवशी जेवायला आलेल्या पंगतीपुढंच तिनं सांगून टाकलं, "आता या गावचं लेकरू परगावी मराले जानार नाई. मोठी शाळा इथंच काढा. माहा कापसाचा कोठा रिकामा करा अन् घ्या." सरकारकडं अर्ज गेला. सरकारनं नाही म्हटलं. बाई म्हणाली, "नाई तं नाई. सरकारनं का माह्या पोराले जन्म देल्ला होता?"

अशी ती खाजगी शाळा निघाली. शेजारच्या गावचे पंजाबराव, मोठे जमीनदार, त्यांनी सातपुड्यातून सागवान आणून दिलं. सुतारानं बाकं करून दिली आणि मजुरीचं नाव काढलं नाही. कुंभारानं पाण्याचे माठ दिले. बाहेरगावच्या पोरांसाठी बोर्डिंग निघालं, तेव्हा घराघरात एक मडकं आलं. घरच्या बाईनं दळायला बसण्याआधी एक मूठ ज्वारी त्यात टाकायची, ती शाळेची मूठ. गाव करी ते राव न करी म्हणतात, ते काही उगाच नाही.

आणि मास्तर! लक्ष्मीकांत मास्तर मूळचे देऊळगाव राजाचे. घराण्यात कारकुनी. यांनाही कचेरीत चांगली खुर्ची मिळालेली, ती सोडून हा माणूस कोठ्यातल्या शाळेत आला. वडील मार्तंडपंत वर्षभर बोलले नाहीत. बायको शैलजा मात्र दोन ट्रंका घेऊन मागोमाग आली आणि बोर्डिंगची चूल तिनं आपल्या हातात घेतली. मास्तर काटकुळे, उंच आणि भारी उतावळे. चालायचे ते धावल्यासारखं. कोणाचं पोरगं शाळेतून काढून गुरांमागं लावलं असं कळलं, की त्या बापाच्या उंबऱ्यावर जाऊन बसायचे, आणि बाप हो म्हणेस्तोवर उठायचे नाहीत. अंगणात राखेनं सगळ्या वऱ्हाडाचा नकाशा काढून पोरांना पूर्णेच्या काठानं चालवायचे. रुखमाबाई चिडवायची, "मास्तर, तुमी जेवन बी पळत पळतच करता काय हो?" ते हसायचे. सगळ्या जगात ते ऐकायचे फक्त तिचं. जोडीला मोतीराम गुरुजी होते, शांत माणूस. पगाराला पैसे नसले की ज्वारी घेऊन घरी जायचे आणि वर म्हणायचे, "रुपया काय चावून खाता येते?"

रुखमाबाई जे द्यायची ते निवृत्तीच्या नावानं. तिच्या माहेराकडचा नेम कडक होता. द्यायच्या वस्तूवर तुळशीपत्र ठेवायचं, पाणी सोडायचं आणि निघायचं. निघाल्यावर मागं वळून पाहायचं नाही. त्या वस्तूबद्दल तोंडातून शब्द काढायचा नाही. आणि त्यातला दाणाही पुन्हा आपल्या तोंडात घालायचा नाही. घातला, तर आजवर दिलेलं सगळं बुडालं, ज्याच्या नावानं दिलं त्याला काही पोचलं नाही. धामणखेडातही सारे हेच मानत. बाईचा तर त्यावर जीव टांगलेला. दिलेलं सगळं तिकडं आपल्या पोराच्या पदरात पडतं, एवढ्याच भरवशावर ती सकाळी उठत होती.

मग ते तापाच्या साथीचं साल आलं. घरटी एक-दोन माणसं गेली. त्यामागोमाग पाऊस रुसला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. घरातच दाणा नाही तर शाळेची मूठ कुठून येणार? मडकी पालथी पडली. बोर्डिंगमध्ये आधी एक वेळ जेवण, मग कण्यांची पेज. तिकडं सरकारी मान्यतेसाठी डिप्टी साहेब तपासणीला यायचे होते. पोरं कमी दिसली तर मान्यता नाही, आणि मान्यता नाही तर परीक्षेला बसता येत नाही. मग अशा शाळेत पोरगं कोण ठेवील? सगळं पोरांच्या पोटावर येऊन थांबलं होतं.

एका सकाळी बापलोक गाड्या घेऊनच आले. पुढं पंजाबराव. त्यांची दोन पोरं बोर्डिंगात होती. "मास्तर, राग मानू नका," ते म्हणाले, "पन लेकरं वाळून राह्यली. घरी तरी मरतीन तं आमच्यापुढं मरतीन."

ही बातमी रुखमाबाईला पोचली. तिच्याकडं शेवटचं एक पेव होतं, स्वतःच्या म्हातारपणासाठी राखलेलं. ती उठली, तुळशीची पानं तोडली, तांब्या घेतला आणि मास्तरांना निरोप धाडला, "पेव शाळेले देल्लं. या." मास्तर पळतच बापलोकांकडं गेले. "थोडं थांबा. धान्याची पाटी तुमच्यापुढं आणून ठेवतो, मग काय ते ठरवा." पंजाबराव म्हणाले, "बैल जुपले हायेत. ऊन चढ्याच्या आत निंगतो आमी."

पेव म्हणजे गावाच्या पांढऱ्या मातीत खोल खणलेलं धान्याचं भुयार. तोंड अरुंद, पोट रुंद. तोंडावर शिळा आणि शिळेवर मातीचा लेप. आत ज्वारी वर्षानुवर्षं टिकते, पण हवा मरते. म्हणून शिळा काढली की दिवसभर तोंड उघडं टाकायचं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा, आणि दिवा जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. मास्तरांना काय ठाऊक नव्हतं? त्यांनी स्वतः वर्गात दूषित हवेचा धडा शिकवला होता. पण तिकडं गाड्या उभ्या होत्या ना!

रुखमाबाईनं शिळेवर तुळशीपत्र ठेवलं, पाणी सोडलं, निवृत्तीचं नाव घेतलं आणि ती घराकडं वळली. मागं शिळा सरकल्याचा आवाज आला. तिचा सालदार गडी उकंडा तिथंच होता. त्याचा आवाज तिनं स्पष्ट ऐकला, "मास्तर, थांबा! वाफ जाऊ द्या आंधी!"

"अरे, एक पाटी! श्वास धरून उतरतो आणि येतो. तोवर त्या गाड्या निघून जातील."

"बाई! ओ बाई! तुमी तरी सांगा त्याह्यले!"

रुखमाबाईचा पाय थबकला. मान अर्धी वळलीसुद्धा. आणि नेमका तेव्हाच तो जुना काटा सलला. काऊन पाह्याव असं? एकदा मागं पाहिलं आणि पोरगं गेलं. आता पाहिलं तर हे दानही जाईल, शाळा जाईल. आता कोणी म्हणेल, न वळता ओरडता आलं असतं की! आलं असतं. पण दिल्या दानाबद्दल तोंड उघडायचं नाही, हाही नेमच. तिनं डोळे मिटले, तांब्या छातीशी धरला आणि चालू लागली. मास्तर शहाणे आहेत, थांबतील, असं मनाला सांगत चालू लागली.

मास्तर थांबले नाहीत. पाटी वर आली नाही. मागून गलका उठला तेव्हा ती घराच्या उंबऱ्यावर पोचली होती. मोतीराम गुरुजी उडी टाकायला निघाले होते, त्यांना चौघांनी धरून ठेवलं. विहिरीतल्या बादल्या काढायचा गळ कोणीतरी आणला आणि त्या गळानं मास्तरांना वर ओढलं. धोतराला, अंगरख्याला ज्वारी चिकटलेली, उजव्या मुठीतही ज्वारी. शैलजा धावत आली ती पिठाच्या हातांनी. नुसती बसून त्यांच्या अंगावरचे दाणे एकेक करून काढत राहिली.

दुपारनंतर उकंडानं दोरीला दिवा बांधून पेवात सोडला. बैल गेला अन् झोपा केला. गाड्या पोरांना घेऊन निघून गेल्या. प्रेत पडलेल्या गावात कोण थांबतं?

तेरावं होईस्तोवर शाळेचं दार उघडलं नाही. पेव तसंच भरलेलं, पण कोणी शिवेना. मढ्याचं धान्य म्हणू लागले. शाळा मेली तर निवृत्ती दुसऱ्यांदा मेला, आणि या वेळी आपल्याच हातानं, एवढंच रुखमाबाईच्या डोक्यात फिरत होतं. शेवटी ती उठून शैलजाकडं गेली. मार्तंडपंत आले होते, सामान बांधत होते. शैलजा कोपऱ्यात बसलेली, पदर कपाळाखाली ओढलेला.

"तुम्ही ऐकलं होतं?" शैलजानं वर न पाहता विचारलं. "उकंडा हाका मारत होता, ते?"

"हाव."

"तुम्ही वळला असता तर ते थांबले असते. तुमचा शब्द ते मोडत नसत."

"नसते मोडत."

"मग?"

"दान होतं, माय. मागं पाह्यलं असतं तं…" खरंच, तं काय?

मार्तंडपंत दारातून म्हणाले, "सूनबाई, गाडी सांगितली आहे. चला आता. इथं काय उरलंय?"

"पेव उरलंय," शैलजा म्हणाली. "मी येत नाही, मामंजी. बोर्डिंगची चूल पेटवायची आहे. ते धान्य पोरांनी खाल्लं नाही, तर हे फुकट गेले."

"कोन खाईन ते?" रुखमाबाई कळवळून म्हणाली. "कोनी हात लावाले तयार नाई, पोरी."

शैलजानं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही खा. आधी तुम्ही. सगळ्यांपुढं बसून."

रुखमाबाई मागं सरकली. "ते देल्लं हाय. माह्या तोंडात गेलं तं निवृत्तीचं सारं बुडते. आजलोक देल्लं ते सारं."

"ठाऊक आहे मला," शैलजा म्हणाली. "म्हणूनच सांगते."

रुखमाबाई भिंतीला धरून दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "बजाराच्या दिवशी. मोतीराम गुरुजीले सांगा, गावोगाव निरोप धाडा."

बाजाराच्या दिवशी शाळेच्या अंगणात ही गर्दी! मजा पाहायला का होईना, लोक आले. पंजाबराव आले, बाकीचे बापही आले, पोरं कुंपणाशी उभी राहिली. उकंडानं दिवा सोडून पाहून ज्वारी काढली होती, शैलजानं ती दळून भाकरी भाजल्या होत्या. सुतकातून उठलेली विधवा पांढऱ्या लुगड्यात सगळ्यांपुढं आली, तेव्हा बाया कुजबुजल्या. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. रुखमाबाईच्या पुढ्यात ताट ठेवलं. भाकर आणि ठेचा.

रुखमाबाईनं तुकडा मोडला. हात वर गेला आणि तिथंच थांबला. "निवृत्ती," ती मोठ्यानं म्हणाली, अगदी अंगणभर ऐकू जाईल अशी, "माह्या राजा, तुह्यासाठी ठेवलेलं मी आज खाऊन राह्यली. तुले काई उरलं नाई रे. या लेकरायसाठी खाऊन राह्यली. मायवर रागावू नको." आणि तिनं घास तोंडात घातला. गिळवेना. डोळ्यांतून धारा लागल्या. शैलजा समोरच उभी होती. "चावा," ती म्हणाली. "गिळा." बाईनं गिळला. एकेक तुकडा करून ती सगळी भाकर तिनं संपवली.

पंजाबरावांनी जोडे काढले. रुखमाबाईच्या शेजारी मांडी घालून बसले. "हिनं आपल्या पोराचं पुन्य खाल्लं अन् आपन धान्याचा इटाळ पाहून राह्यलो! वाढा, बाई. अन् कुठी गेली माही पोरं? बसा बे इकडं, पंगतीत बसा."

पोरं बसली. मग दुसरी बसली. संध्याकाळपर्यंत चूल विझली नाही.

डिप्टी साहेब आले तेव्हा बोर्डिंग भरलेलं होतं. मान्यता मिळाली. मोतीराम गुरुजी मुख्य मास्तर झाले, पुढं नवे मास्तर आले. कोणी कचेरीची नोकरी सोडून आला, कोणी घरच्यांशी भांडून आला. घराघरातली मूठ पाऊस पडल्यावर पुन्हा सुरू झाली. पंजाबरावांनी बोर्डिंगला भाजीपाल्यासाठी वाफ्याचं शेत दिलं. रुखमाबाईचं मात्र वाईट झालं. अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाचं दान घ्यायला तिच्या दारी कोणी फिरकेना. देवळात तिचं तेल घेईनात. दिलेलं दान खाल्लेली बाई! ज्या गर्दीनं तिच्या मागोमाग भाकरी खाल्ल्या, तिच्यातलेच लोक असं बोलत. माणसाची जात, दुसरं काय! तिच्या हातचं घेत होती ती फक्त शाळा. ती पोत्यानं धाडायची, शैलजा मोजून घ्यायची. त्यापलीकडं शैलजा तिच्याशी चकार शब्द बोलायची नाही. वर्षं गेली तरी नाही.

रुखमाबाई अंथरुणाला खिळली तेव्हा शैलजा पहिल्यांदा तिच्या घराचा उंबरा चढली. हातात पेजेची वाटी होती. दोन चमचे पोटात गेल्यावर म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"पोरी, एक विचारू? मले माफ केलं का तुनं?"

शैलजानं चमचा वाटीत ठेवला. "नाही," ती म्हणाली.

"बरं केलं, खरं सांगितलं. खोटं बोलली असती तं मले समजलं असतं." तिनं हात सोडला. "पोरं जेवली?"

"एक पंगत उठली. दुसरी बसायची आहे."

"मंग इथं काऊन बसली? तिथं वाढनारं कोन हाय? जाय."

शैलजानं वाटी तिच्या हाताशी सरकवली आणि ती उठली.

दुसरी पंगत अर्ध्यावर आली होती तेव्हा उकंडा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याचं तोंड पाहूनच तिला कळलं. मेल्याची खबर कानावर आली की ताटावरून उठावं लागतं, तोंडातला घाससुद्धा टाकावा लागतो, ही तिकडची रीत. शैलजानं त्याला बोटानं गप्प राहायची खूण केली आणि भाकरीची टोपली घेऊन ती पंगतीत शिरली. प्रत्येकाला विचारून विचारून वाढलं. कोणाला अर्धी हवी होती, कोणाला नको होती. शेवटचं पोरगं हात धुऊन बाहेर पडलं, तेव्हा तिनं टोपली खाली ठेवली आणि तोंडावर पदर घेऊन ती चुलीपाशी बसली.